खुंटीवरचं सूप

पहाटे ५.१०

आज पाण्याची पाळी आहे. सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं. उजनी धरण भरलेलं असो की तळाला गेलेलं, पाळी बहुधा तीच. तोटीतून आधी हवा फुसफुसते, मग गढूळ धार येते, मग पाणी. पहिली बादली अंगणात ओतायची आणि दुसरीपासून भरायला घ्यायचं. अम्मा माझ्याआधी उठून हंडे-कळश्या विसळून रांगेत मांडून बसलेली असते. चौसष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण पाळी चुकवत नाही.

मोटार लावली, टाकीची नळी सोडली. पाऊण तास आम्ही दोघी फारसं न बोलता पाणी भरतो. मोबाईल आतल्या खोलीत कपाटावर आहे. रात्रीतून त्यात अमेरिकेहून काय काय येऊन पडलंय ते मला माहीत नाही, आणि साडेनऊपर्यंत बघायचंही नाही.

ही शिस्त आपोआप आलेली नाही. पहिली दोन वर्षं मी एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून पाणी भरत होते. एकदा टाकी भरून वाहिली आणि ओघळ पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला. पाच दिवसांनी आलेलं पाणी असं गटारात जाताना पाहून शेजारच्या काकूंनी मला जे सुनावलं, ते योग्यच होतं. मी तेव्हा एका मेलला उत्तर देत होते. ते उत्तर सकाळी दहाला गेलं असतं तरी कुणाचं काही अडलं नसतं.

सकाळी ६.३०

भाकरी, शेंगाचटणी, डाळ. मुलगी तिसरीत आहे, तिची शाळा साडेसातची. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झालीय, त्यामुळे उठवायलाच पंधरा मिनिटं जातात. नवरा आठला निघतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो हिशेब बघतो. संध्याकाळी सहाला येतो, हातपाय धुतो, आणि त्याचा कारखाना गेटच्या आतच राहतो. लेजर घरी येत नाही आणि मालकाचा फोन फार तर मार्चअखेरीला येतो. मी हे रोज बघते आणि मनात नोंद करते की असंही असू शकतं.

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. आधी आम्ही पुण्यात होतो. हिंजवडीला जायला सव्वा तास, यायला दीड. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागायच्या चार दिवस आधी आम्ही इथे आलो, अम्मा एकटी होती म्हणून. 'आठवडाभर राहू' म्हणून आलो होतो. कंपनीने पुढे घरून काम करायची मुभा कायम ठेवली आणि आम्ही परत गेलोच नाही. जाण्यायेण्याचे पावणेतीन तास वाचले याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता. वर्षभराने हिशेब केला, तर ते तास मला मिळालेच नव्हते. सकाळचे तास कामात गेले आणि संध्याकाळचेही कामातच गेले. बसमधला कंटाळाच खरं तर घर आणि ऑफिस यांच्यामधली भिंत होता. ती भिंत पडली तेव्हा मला जागा मोठी झाल्यासारखं वाटलं होतं.

सकाळी ८.४५

मी ऑफिसला निघते. म्हणजे बॅग खांद्याला लावते, चपला घालते, अम्माला 'येते' म्हणते आणि दार ओढून घेऊन कन्ना चौकापर्यंत चालत जाते. तिथून वळते, येताना भाजी घ्यायची नाही हे पक्कं, आणि वीस-बावीस मिनिटांनी परत त्याच दारातून आत येते. आत येते तेव्हा मी कामावर आलेली असते. भाजी का घ्यायची नाही? कारण मेथीची जुडी हातात घेऊन आत आले की पाय आपोआप ओट्याकडे जातात आणि दहा वाजेपर्यंत मेथी निवडून होते. करून पाहिलंय.

ही फेरी मी अम्माकडून घेतली. तिने शिकवली म्हणून नव्हे. लहानपणापासून मी तिला ती करताना पाहिलं होतं, अर्थ मात्र फार उशिरा कळला.

अम्मा अडतीस वर्षं विड्या वळत होती. आमच्या भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं पुष्कळ. पुरुष मागावर किंवा गिरणीत, बायका विडीवर. रोज सकाळी ती आदल्या दिवशीच्या विड्या फडक्यात बांधून कारखान्यात न्यायची. कारखाना म्हणायचं, पण तिथे विड्या वळल्या जायच्या नाहीत. तिथे विड्या मोजून घ्यायचे, तपासायचे आणि दुसऱ्या दिवसाची पानं, तंबाखू, दोरा मोजून द्यायचे. वळायचं काम घरात. मग ती पानं भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मऊ झाली की पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. एक पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांची एक जुडी. अशा चाळीस जुड्या झाल्या की हजार. मजुरी हजारावर.

तिचं घर आणि काम वेगळं होतं असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. आमच्या घरात तंबाखू नव्हता अशी जागा नव्हती. अंथरुणाला वास, शाळेच्या दप्तराला वास. भाकरी थापण्याआधी ती साबणाने दोनदा हात धुवायची, तरी पहिल्या घासाला किंचित कडवटपणा असायचाच. मी आठ वर्षांची असल्यापासून पानं कापायला बसायचे, शाळेतून आल्यावर, गृहपाठाच्या आधी. हजारात माझ्या हाताच्या शंभर-दीडशे तरी असायच्या. त्या कागदावर कुठेच नव्हत्या. अम्माच्या खोकल्याचीही कुठे नोंद नव्हती. तिच्या सोबतीच्या बायकांपैकी कितीतरी जणींची पाठ पन्नाशीच्या आत वाकली. घरून काम म्हटलं की मला लॅपटॉप आणि कॉफीचा कप आठवत नाही. आधी ते सूप आठवतं.

पण एक गोष्ट होती. हजार झाले की अम्मा उठायची. सूप झटकायची, पालथं करायची आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खुंटीला अडकवायची. नऊशे नव्व्याण्णववर ती उठली नाही आणि हजार एकवी विडी तिने वळली नाही. पानंच तेवढी मिळालेली असायची. कधी तीन वाजता व्हायचे, कधी रात्री नऊला. सूप खुंटीवर गेलं की ती आमची. त्यानंतर तिला काही विचारलं तर ती चेहऱ्याकडे बघून उत्तर द्यायची. सूप मांडीवर असताना ती हातांकडे बघून बोलायची.

सकाळी ९.३०

माझं टेबल जिथे आहे तिथे पूर्वी खड्डामाग होता. ताता, म्हणजे माझे आजोबा, त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि विणायचे. माग गेल्यावर खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर फरशी बसवली. ती फरशी अजून एका बाजूला किंचित खचते. खुर्चीचं एक चाक तिथे रुततं.

लॅपटॉप उघडायच्या आधी मी वही उघडते. दोनशे पानी साधी वही. तारीख लिहिते आणि त्याखाली एक आकडा. आज लिहिला आठ. म्हणजे आज मी आठ बग तपासून बंद करणार. कुठले आठ, ते कालच्या यादीवरून ठरतं. त्यातला एखादा डोंगराएवढा निघेल असं वाटलं तर आकडा सहा. सोपे असतील तर बारा. आकडा लिहिल्यावर तो मी आमच्या टीमच्या गटावरही टाकते : आज माझे हे आठ.

हे दोन वर्षांपूर्वी सुरू केलं. त्याआधी मी घड्याळाने काम थांबवायचा प्रयत्न करत होते आणि रोज हरत होते. साडेसहा वाजले तरी यादीत चाळीस बग दिसायचे. साडेसात वाजले तरी चाळीस, कारण मी दोन मिटवले की दोन नवे यायचे. या यादीला तळ नाही. तळ नसलेल्या यादीसमोरून उठताना रोज अपराधी वाटायचं, आणि त्या वाटण्यामुळे जेवताना एक डोळा मोबाईलवर. एका रात्री अम्माने विचारलं, "एन्नी?" तेलुगूत एन्नी म्हणजे किती. दिवसभर काम केलं तर किती झाले, एवढाच तिचा प्रश्न. मला उत्तर देता आलं नाही. अकरा तास बसून उठलेली मी, आणि किती झाले ते सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी ही वही आणली.

सकाळी ११.४०

दाराशी कुणीतरी आलंय. गॅसवाला असेल तर अम्मा बघेल. पण आवाज नात्यातल्या मावशींचा आहे. त्यांच्या सुनेचा अर्ज ऑनलाइन भरायचाय. "पाच मिनिटांचं काम आहे, ती घरीच असते ना."

घरीच असते ना. गेल्या पाच-सहा वर्षांत मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की तो आवाज मला भिंतीपलीकडूनही ओळखू येतो. नातेवाईक म्हणतात, घरीच असतेस ना, मग बँकेत जाऊन ये, आत्याला दवाखान्यात ने, सत्यनारायणाला सकाळपासून ये. आणि ऑफिसही हेच म्हणतं, वेगळ्या शब्दांत : घरीच आहेस ना, मग रात्री नऊला दहा मिनिटं जॉइन हो. दोघांच्याही मते माझा वेळ रिकामा आहे, कारण मी दाराबाहेर पडताना दिसत नाही. बाईच्या बाबतीत हे दुप्पट होतं. माझ्याच टीममधला एक जण लातूरहून घरून काम करतो. त्याच्याकडे सकाळी अकराला कुणी अर्ज भरायला येत नाही. तो खोलीत असला की 'साहेब कामात आहेत'.

मी सुरुवातीला लाजायचे. उठून अर्ज भरून द्यायचे आणि ते पाच मिनिटांचे चाळीस झाले की रात्री भरून काढायचे. आता मी उठत नाही, कारण दारात अम्मा आहे. ती मावशींना म्हणते, "ती कारखान्यात गेलीय. सहानंतर या."

मावशींना मी आत बसलेली दिसतेय. मला त्या दिसतायत. अम्माचा आवाज मात्र इतका स्थिर आहे की मावशी "बरं, सहाला येते" म्हणून जातात. त्या स्वतः विडीवर होत्या वीस वर्षं. कारखान्यात गेलेली बाई मधूनच बोलावता येत नाही हे त्यांना माहीत आहे.

वेळेच्या व्यवस्थापनावर मी पूर्वी बरंच वाचलं. त्यातल्या जवळजवळ सगळ्या सल्ल्यांत माणूस एकटा असतो. त्याने स्वतःच्या मनाला आवरायचं, स्वतःच स्वतःला नाही म्हणायचं. मला ते कधी जमलं नाही आणि माझ्या ओळखीत कुणालाही फार दिवस जमलेलं पाहिलं नाही. काम इथे संपलं हे दुसऱ्या कुणाला तरी माहीत असावं लागतं. अम्माच्या वेळी कारखान्याचा कारकून होता. तो मोजून देई, मोजून घेई, त्याचं दार बंद झालं की संपलं. माझ्यासाठी दारात उभी राहणारी अम्मा आहे. ज्यांच्या घरी अशी कुणी नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला पडतो. फ्लॅटमध्ये एकटी राहणारी माझी मैत्रीण बेडवर बसून काम करते आणि त्याच बेडवर झोपते. तिला मी वहीचं सांगितलं. ती आता रोज संध्याकाळी मला फक्त आकडा पाठवते. मी अंगठा दाखवते. एवढंच, पण चाललंय.

दुपारी १.१५

जेवण टेबलावर नाही. हा नियम अम्माचा, आणि तो तंबाखूमुळे आला. सुपाजवळ ताट आणायचं नाही. माझ्या टेबलावर तंबाखू नाही, पण कीबोर्डशेजारी जेवलेलं जेवण मला आठवत नाही, पोट भरलं की नाही तेही कळत नाही. म्हणून खाली, स्वयंपाकघरात, मुलीबरोबर. ती साडेबाराला येते. जेवताना मी तिचीच आहे आणि तिला ते ठाऊक आहे, म्हणून ती शाळेतलं सगळं त्या पंचवीस मिनिटांत सांगून टाकते. आज बाकावरून भांडण झालंय. बाजू तिचीच बरोबर दिसतेय.

दुपारी २ ते ५

काम. चौथा बग फार वेळ घेतो. पैसे भरण्याच्या पानावर एक बटण दोनदा दाबलं तर दोनदा पैसे जातायत, पण दर वेळी नाही. सतरा वेळा करून पाहिलं, अठराव्या वेळी सापडलं. पाचवा, सहावा भराभर. सातवा मी डेव्हलपरकडे पाठवला होता, तो 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणून परत आला. याला मी वहीत छाट लिहिते. अम्माच्या कारखान्यात तपासनीस ज्या विड्या बाजूला काढायचा त्यांना छाट म्हणायचे. छाटाचे पैसे मिळायचे नाहीत, आणि विड्याही परत मिळायच्या नाहीत, हा तिचा जुना राग. निदान माझा छाट माझ्याकडे परत येतो.

संध्याकाळी ५.००

चहा. अम्मा तिचं जुनं पासबुक काढून बसलीय. मुलीला त्यातले आकडे वाचायला आवडतात. पानं इतकी दिली, विड्या इतक्या आल्या, छाट इतका.

हे पासबुक सहज मिळालं नव्हतं. घरी बसून विड्या वळणारी बाई कामगार आहे हे देशाच्या कायद्याने मान्य केलं ते १९६६ मध्ये, विडी आणि सिगार कामगारांच्या कायद्याने. मालकाकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या करणाऱ्यालाही त्या कायद्याने कामगार म्हटलं. त्यापुढे १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला. त्या निधीतून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. माझं पॉलिटेक्निक त्या पैशांवर झालं. हे मी कुठेही सांगते, अभिमानाने सांगते. पण कायदा असणं वेगळं आणि कारखान्याने नाव लावणं वेगळं. त्यासाठी या शहरातल्या बायका मोर्चे काढत राहिल्या. अम्माही जायची, मला कडेवर घेऊन. त्याच चळवळीतून कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते घरं दिली गेली. अम्माच्या चार मैत्रिणी तिकडे राहायला गेल्या. स्वतःच्या नावाचं घर, आणि त्या घरात पुन्हा सूप.

ताताला तर एवढंही नव्हतं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली ती १० जून १८९० पासून. शाळेत आम्ही हे शिकलो, आणि मी घरी येऊन ताताला विचारलं होतं की तुम्ही रविवारी का विणता. ते म्हणाले, तो रविवार गिरणीतल्यांचा. माग घरात होता, म्हणून ताताला रविवार नव्हता. गिरणीचा भोंगा त्यांना ऐकू यायचा, पण तो त्यांच्यासाठी वाजत नव्हता.

घरात बसून काम करणाऱ्याला सुट्टी, तास, आजारपण काहीही आपोआप मिळत नाही. ते मागून घ्यावं लागतं, आणि मागण्यासाठी आधी एकमेकांना भेटावं लागतं. अम्माच्या सोबतीच्या बायका रोज सकाळी कारखान्याच्या दारात भेटायच्या, म्हणून मोर्चा निघू शकला. आम्ही भेटतच नाही. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी वेगळा करार केला, क्रमांक १७७. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क कामगाराला असावा, असं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. फ्रान्समध्ये या हक्काचा कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आमच्या टीममध्ये हे मी एकदा बोलले. सगळे म्हणाले, आपल्याकडे असं चालणार नाही. विडीवाल्या बायकांनाही हेच सांगितलं गेलं असणार.

संध्याकाळी ६.१०

आठवा झाला. वहीत आठवर रेघ.

मावशी सुनेला घेऊन आल्या. अर्ज भरून झाला, खरंच पाच मिनिटांत.

मुलगी खुंटीकडे बघून परत गेली. खुंटी रिकामी आहे. सुपाची ती जुनी खुंटी आता माझ्या लॅपटॉपच्या बॅगेची आहे. बॅग खुंटीवर असली की आई आहे, नसली की आई नाही, हे मुलीला तिच्या पाचव्या वर्षापासून पाठ आहे. पूर्वी ती दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, "तू आत्ता आहेस का?" मी समोर बसलेली असताना. त्या प्रश्नाने मला फार त्रास व्हायचा, कारण तो अगदी रास्त होता. आता विचारावं लागत नाही.

आज बॅग अजून खाली आहे, कारण आठ झाले तरी दिवस संपलेला नाही. रात्रीचा कॉल राहिलाय.

रात्री ८.३०

हा कॉल गेल्या आठवड्यापर्यंत साडेसातला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे घेतात. न्यूयॉर्कच्या बाजूला त्यांची बैठक सकाळी दहालाच असते, त्यांना काहीच बदल जाणवत नाही. इकडे आमचे साडेसातचे साडेआठ होतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तसेच राहतात. चार महिने आमच्या घरातलं रात्रीचं जेवण न्यूयॉर्कच्या उन्हावर ठरतं. दर वर्षी पहिल्या आठवड्यात मुलगी उपाशी पेंगते, मग आम्ही जेवण सातला आणतो. आज ते जमलं. भाकरी, आमटी, आणि कॉलच्या आधी तिच्या केसांना तेल.

याच वेळेच्या एका कॉलची गोष्ट सांगायलाच हवी. २०२१ ची. मुलगी चार वर्षांची होती. ती माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर चढली होती, मी बोलत होते, आणि तिने माझी बाही ओढली. मी माइक बंद करून तिला म्हटलं, "एक मिनिट." कॉलला नाही म्हटलं, तिला म्हटलं. ती उतरताना पडली, हनुवटी टेबलाच्या कडेवर आपटली. तीन टाके पडले. दवाखान्यात टाके घालत असताना माझा मोबाईल वाजत होता आणि मी तो उचलला. वरिष्ठांनी विचारलं, परत कधी जॉइन होशील. त्यांना मी काय झालं ते सांगितलं होतं, तरी विचारलं. त्यांचा राग मला पुष्कळ दिवस होता. पण 'अर्ध्या तासात' हे उत्तर मी दिलं होतं, आणि ते मला अजून टोचतं. हनुवटीखाली पांढरी रेघ आहे. तेल लावताना दिसते.

त्यानंतर दोन गोष्टी मी मागितल्या. एक, रात्रीचा कॉल रोज नको, आठवड्यातून दोनदा. दोन, मी बोलून झाले की मला जाऊ द्या. लेखी मागितल्या. उत्तर यायला दीड महिना लागला, पण मिळालं. टीममधल्या आणखी तिघांनीही मग तसंच मागितलं. कुणाला न सांगता मनातल्या मनात मी दोन वर्षं जी रेघ ओढत होते ती रोज पुसली जायची. कागदावर चार जणांनी मिळून ओढली तेव्हा टिकली. पूर्ण नाही टिकली. नवीन आवृत्ती बाहेर पडायची असते तेव्हा, महिन्यातले दोन-तीन दिवस, सगळं मोडतं आणि मी रात्री बारापर्यंत बसते. ते दिवस मी वहीत लाल पेनाने लिहिते, म्हणजे त्यांची सवय होणार नाही.

आज माझं बोलणं आठ चाळीसला येतं. पैसे दोनदा जाण्याचा बग मी समजावून सांगते. तिकडून कुणीतरी विचारतं की आजच्या आज आणखी दोन बघून होतील का. मी म्हणते, उद्याच्या आकड्यात घेते. दोन क्षण कुणी बोलत नाही. मग ते म्हणतात, ठीक आहे.

रात्री ९.०५

लॅपटॉप बंद. वही आत, चार्जर आत, चेन ओढली. बॅग खुंटीवर. मोबाईलमधलं ऑफिसचं खातं बंद केलं. सिम वेगळं आहेच, तेही बंद.

मुलगी झोपली नव्हती. पांघरुणातून तिने खुंटीकडे पाहिलं आणि सरकून जागा केली. बाकाच्या भांडणाचा पुढचा भाग राहिला होता. दुपारी तिने मला अर्धाच सांगितला होता, कारण सुरुवात तिनेच केली होती.

रात्री १०.१५

सगळे आडवे झालेत. अम्मा अंधारात गुडघ्याला तेल चोळतेय. पुढच्या खोलीतून तिचा आवाज येतो.

"एन्नी?"

"आठ. एक छाट."

ती थोडा वेळ काही बोलत नाही. बाटलीचं झाकण लावल्याचा आवाज येतो.

"उद्या पाणी नाही," ती म्हणते. "उशिरा ऊठ."